पट्टीवरची नावं

नुकुआलोफा,
गुरुवार, १२ जून २०२५

प्रिय सिओसाया,

तू, तुझी फेहोको आणि लेक इलाइसाने खुशाल असाल. ऑकलंडला आता गारठा पडला असेल. इकडे आईचे गुडघे जसे होते तसेच आहेत. रविवारी चर्चला मात्र ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसते. तुझ्या वाट्याचं मांसाचं लू अजून वेगळ्या अळूच्या पानात बांधते, आणि मग शेजाऱ्यांना देऊन टाकते.

आपल्या रग्बी संघावरचं माझं पुस्तक छपाईला चाललं आहे. बावीस वर्षांच्या फोटोंमधून एकशे ऐंशी निवडायचे आहेत. संपादिका न्यूझीलंडची आहे. परवा तिने विचारलं, "२०१० ते २०१७ या काळात खेळाडूंच्या खोलीतला एकही फोटो नाही. असं कसं?"

"तेव्हा माझा भाऊ संघात होता," मी म्हटलं.

तिला वाटलं, मी पुढे काही सांगेन. मला कळेना, आणखी काय सांगायचं. भाऊ जिथे कपडे बदलतो, मित्रांशी वाह्यात थट्टा करतो, तिथे मोठी बहीण जात नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं.

तुमचे पाय चोळणारा तोमासी आठवतो ना? मी दूरवर दिसले की तो दारातून ओरडायचा, "तोंडं बंद करा रे माकडांनो, सिओसायाची ताई आली!" आतलं हसणं थांबायचं. मग मला म्हणायचा, "कालो, तू आलीस की हे पंधरा बैल पाद्री होतात. लांबच उभी राहा बाई, आज जिंकायचंय."

तो मान मला आवडायचा. त्याचा रागही यायचा. तुझ्या आधी आणि तुझ्यानंतर त्या खोलीत मी मोकळेपणाने वावरले. फक्त तुझी सात वर्षं मी भिंतीपलीकडून ऐकली. तू तिथे कसा असतोस याचं मला फार कुतूहल होतं.

गेल्या आठवड्यात इलाइसानेचा फोन आला. "आत्या, बाबांचा खोलीतला एक तरी फोटो असेल ना तुझ्याकडे?" मी नाही म्हटलं. आत्याचा शब्द शेवटचा, म्हणून पोरीने पुन्हा विचारलं नाही. तेच जास्त लागलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, बाबा विसरायला कधी लागले? आई म्हणाली, दोन वर्षं झाली असतील."

सिओसाया, फोटो आहे.

सामोआविरुद्धचा सामना होता, परदेशात. पाऊस होता. बाकीचे सरावाला मैदानात गेले होते आणि दार अर्धवट उघडं होतं. खोली रिकामी वाटली म्हणून डोकावले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तुझं खाकरणं मी ओळखते. तू बाकावर बसून डाव्या मनगटावरच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होतास आणि ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना. मी एकदाच बटण दाबलं आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी फोटो मोठा करून पाहिला. पट्टीवर शाईने नावं लिहिली होती, जर्सीच्या आकड्यांसह. २ पाउला. ९ सोनाताने. त्याखाली आणखी. पाउलाबरोबर तू लहानपणापासून एकाच होडीतून मासे धरलेस. त्याचं नाव कुणी कशाला लिहून ठेवेल?

त्याच्या आदल्या आठवड्यात तुझं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं होतं. तू उठून उभा राहिलास आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो फोटोही माझाच. कॅलेंडरवर छापला होता.

मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तर आधी मी डोकावले हे सांगावं लागलं असतं. त्या दिवसाची रोजनिशी आता काढून बघितली. "पाऊस. चार गुणांनी हरलो. उजेड वाईट." स्वतःच्या वहीतही मी लपवलं. त्यानंतर तू तीन वर्षं खेळलास, आणि प्रत्येक धडकेचा फोटो मी काढला. मी लाजेपोटी गप्प बसले, की संघात माझा भाऊ आहे हे लोकांकडून ऐकायला मला आवडायचं म्हणून? दोन्ही असावं. कोणतं किती, ते अजून ठरवता येत नाही.

सोमवारी फोटो घेऊन तोमासीकडे गेले. त्याने तो डोळ्यांजवळ धरला.

"डावपेच लिहितोय म्हणाला होता मला," तो म्हणाला. "पट्टी मीच गुंडाळायचो. माझे डोळे अधू आहेत कालो, अक्कल नव्हे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मग आम्ही दोघं त्याच्या कोंबड्यांकडे बघत बसलो.

हा फोटो पुस्तकात जाणार नाही. तो डॉक्टरांसाठी आहे. सोबतच्या बंद पाकिटात ठेवला आहे, मागे तारीख आहे: २२ नोव्हेंबर २०१४. दोन वर्षं नव्हेत, साडेदहा झाली. पाकीट आधी तू उघड, मग फेहोकोला दे. मी का गप्प बसले ते तिला मी स्वतः सांगेन. मंगळवारच्या विमानाने येते आहे. तू चालेल म्हणालास तर डॉक्टरांसमोर तुझ्या शेजारी बसेन. आईला विचारलं. ती म्हणाली, "दुखण्यात कसली आडकाठी? जा."

एक विचारायचं आहे. पट्टीवर नावं नऊ आहेत. आठ खेळाडूंची, आकड्यांसह. नववं अंगठ्याजवळ आहे, आकड्याशिवाय: कालो. मी काही तुझ्या बाजूला उभी राहून चेंडू घेणार नव्हते. मग ते नाव तिथे कशाला? तेव्हाच मीही निसटायला लागले होते का तुझ्या डोक्यातून? की आणखी काही होतं? इतकी वर्षं हेच विचारायचं होतं, आणि विचारलं असतं तर बाकी सगळंही बाहेर आलं असतं. आठवत असेल तर सांग. आठवत नसेल तर तेही सांग, मला चालेल.

जिने तेव्हाच बोलायला हवं होतं अशी,
तुझी ताई
कालोलाइने