सरकीच्या ढिगावरून

अकोला, रविवार, दिवेलागण

आज जमलं! बर्फ नसताना जमलं.

सकाळीच औलीहून स्कीइंगच्या सरांचा फोन आला. औंदा बर्फ नाई, कॅम्प पुढे ढकलला. मागच्या साली बर्फ होता, तं मीच सारखी पडून राहिली होती. सर ओरडायचे, मागे झुकू नको, टाच दाबू नको. पण आमी काळ्या मातीतली माणसं. पावसात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पाय सटकला की टाच रोवायची, हे लहानपणापासून अंगात. ती टाच काही सुटेना.

फोन ठेवला, स्कीची जोडी उचलली अन् मोठ्या बाबांच्या, म्हंजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, कापसाच्या जिनिंगात गेली. आवारात सरकीचा हा मोठा ढीग!

"काहून वं, पागल झाली काय? ढोरं खातात थे!" मोठे बाबा म्हणाले. पण शिडी त्यायनंच लावून देल्ली.

टाच दाबली की सरकीत गाडली जायची. दोन-तीनदा तसंच झालं. मंग चिडून गुडघे वाकवले, अंग पुढे टाकलं, अन् सरळ खाली, मोठ्या बाबांच्या पुढ्यात. ते दचकून मागे झाले. त्यायनंही टाचच रोवली!

बर्फावर जमंल का असंच? जमंल. काहून नाई जमणार? सरकी तेलाच्या गिरणीत जाईस्तोवर रोज जाईन.

आई माझ्या केसातला कापूस वेचून राहिली. म्हटलं, राहू दे वं आई. औंदा एवढाच बर्फ पडला.