तडजोडीचा रकाना

सुकापूर, ४ सप्टेंबर १९९४

ती. चंद्रावती आत्यास,
नीताचा शि. सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? बाबा म्हणतात, त्या गुडघ्यांमुळेच तू सात वर्षं आमच्याकडे आली नाहीस.

माझी बातमी मोठी आहे. संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी पनवेल कोर्टातले जुने वाटणीचे दावे अभ्यासणार आहे. वडील गेल्यावर बहिणीने हिस्सा मागितला तर पुढे काय होतं, ते फायलींमधून टिपून कॉलेजच्या संगणकात भरायचं. एका फायलीत जे दिसत नाही, ते शेकडो एकत्र पाहिल्या की दिसेल. त्यासाठी न्यायाधीशसाहेबांची परवानगी हवी. अर्ज तयार आहे. शेवटी लिहिलंय, या नोंदींत माझं कोणी नातेवाईक नाही.

रकाने तीन केलेत: जिंकली, हरली, तडजोड. तडजोडीचा मला सर्वांत आवडतो. त्यापुढे मी ‘नातं टिकलं’ असं लिहिलंय. बाबांना दाखवला तर ते चष्मा शोधायला उठले. चष्मा डोळ्यांवरच होता.

आशीर्वाद पाठव. लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी करू नकोस.

तुझी नीता

जासई, ११ सप्टेंबर

चि. नीतास,
आत्याचे पुष्कळ आशीर्वाद.

घरातली पयली ग्रॅज्युएट तू, म्हणून आधीच सांगते. अर्जातली शेवटची ओळ खोड. सुकापूरच्या शेतासाठी मी दावा लावला व्हता, तुझ्याच बापसावर. तू तेव्हा शाळेत. माझे गुडघे बरे हायेत, त्यांना उगाच बदनाम केलंय.

निकालाआधी वकिलांनी मिटवलं. कागदावर तडजोड हाय, दोघांच्या सह्या हायेत. सही करून भाऊस एका दारानं गेला, मी दुसऱ्या. त्या भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून बसले. तो आला नाय, अजून नाय. तुझ्या रकान्यात आमचं नातं टिकलंय. बघ बाय.

खरं लिवलंस नि परवानगी हुकली, तर मला दोन शिव्या दे, पण पत्र बंद करू नको.

तुझी आत्या

सुकापूर, ८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
नीताचा शि. सा. न. वि. वि.

शिव्या देणारच होते. मग अर्ज नव्याने लिहिला: यातला एक दावा माझ्या वडिलांचा आणि आत्याचा आहे. प्रबंधाचे माझे सर म्हणाले, आता कसली परवानगी मिळते. काल मिळाली. अट अशी, की लोकांची नावं गाळायची आणि आपली फाईल अभ्यासात घ्यायची नाही.

‘नातं टिकलं’ खोडून तिथे ‘पुढचं माहीत नाही’ लिहिलंय. सर म्हणतात, असा रकाना प्रबंधात शोभत नाही. मी तो ठेवणार आहे.

तुला न विचारता तुझं पत्र बाबांना दाखवलं. ताटाच्या ओळीपाशी थांबले. आईला म्हणाले, ती वाट बघत होती हे मला कुणी सांगितलं का? आई म्हणाली, तुम्ही कुणाला विचारलंत का? आज त्यांनी माझ्याकडून जासईच्या एस.टी.ची वेळ काढून घेतली.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

नीता

जासई, १४ ऑक्टोबर

चि. नीतास,
आशीर्वाद.

रागावले व्हते, ताटापर्यंत. एस.टी.चं वाचलं नि राग गेला.

कोर्टानं आमची फाईल बाजूला ठेवली ते बेस झालं. आमची तडजोड मोजू नको. ती अजून झालेली नाय. बापसाला सांग, भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं ये, ताट घासून ठेवलंय. उशीर केलास तर गुडघे दुखतील.

तुझी आत्या