स्टेशनच्या घड्याळाची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, रेल्वेच्या बडतर्फ सांधेवाल्याची, म्हणजे रुळाचा सांधा फिरवून गाडी वळवणाऱ्याची, विधवा, राहणार स्टेशनमागची तिसरी गल्ली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगणारे माणूस घरात उरलेले नाही. गुडघे गेले आहेत, साखर वाढली आहे, पण डोके शाबूत आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "आजी, तुमच्याइतकं माझ्याही लक्षात राहत नाही," असे डॉक्टर म्हणाले, पण तेवढे वाक्य दाखल्यात घालायला ते तयार झाले नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. उद्या सकाळी सह्या झाल्या की हेच खरे धरावे.

कलम एक. माझे शिवणयंत्र, कात्र्या आणि बटणांचे डबे समोरच्या घरातल्या धाकट्या सुनेला द्यावेत. दुपारी दार ढकलून "काकू, जेवलात का?" असे विचारणारी गल्लीत ती एकटी आहे. तिच्या सासूने यंत्राला हात लावू नये. सासू न्हाव्याची मुलगी आहे. न्हाव्याने काय केले ते कलम चारमध्ये येईल.

कलम दोन. माझे धाकटे दीर रेल्वेत होते. भावावर बालंट आल्यावर त्यांनी आमच्याकडे येणे सोडले, का तर साहेबांना कळले तर बढती अडेल. भावाच्या अंत्ययात्रेतही ते पार मागे चालले. ह्यांचे दोन बावटे ट्रंकेत आहेत. हिरवा माझ्याबरोबर जाळावा. लाल दिरांना द्यावा आणि त्याचा अर्थ ते विसरले असतील तर समजावून सांगावा.

कलम तीन. ह्यांची चिकटवही शाळेच्या वाचनालयाला. नोकरी गेल्यावर हे माझ्या यंत्राशेजारी बसून काजे-बटणे करत आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रांतून, जुन्या कॅलेंडरांतून रेल्वेने वसवलेल्या गावांची चित्रे कापत. जगात अशी गावे पुष्कळ. कुठे वाळवंट, कुठे बर्फ, कुठे नुसते गवत. इंजिन पाण्याला थांबले, कोणी चहाची चूल मांडली, कोणी चपला शिवायला बसला, मग शाळा, दवाखाना, पोलीस आणि शेवटी भांडणे. काही ठिकाणी रूळ उखडले आणि गावही उठले. प्रत्येक चित्राखाली ह्यांनी पेन्सिलीने एकच ओळ लिहिली आहे, 'इथेही कोणी सांधेवाला असेलच.' शेवटच्या पानावर आमचे गाव आहे. त्याचे चित्र कुठे छापून आले नव्हते, म्हणून हाताने काढले: पाण्याची टाकी, तीन रूळ, दोन सांधे, एक घड्याळ. मुलांनी ते नीट बघावे. या गावाला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून नगरपालिका पुस्तक काढते आहे आणि त्यात मास्तरांनी गाव वसवले असे छापणार आहे. इंजिनाला तहान लागत होती म्हणून हे गाव झाले. मास्तर नंतर बदलीवर आले.

कलम चार. यात काही द्यायचे नाही, सांगायचे आहे.

मास्तर म्हणजे त्या वेळचे स्टेशनमास्तर. त्यांनी फलाटावरचे मोठे घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवले होते, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. हेतू वाईट नव्हता, हे मी लिहून देते. पण सगळे गाव त्याच घड्याळावर चाले. शाळेची घंटा, दुकानाच्या फळ्या, न्हाव्याचा वस्तरा, सगळे जगाच्या पाच मिनिटे पुढे. फक्त रेल्वेची माणसे घड्याळ बघून मनातल्या मनात पाच वजा करत. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही वजाबाकी.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी मोठे साहेब तपासणीला यायचे होते, सवारी गाडीनेच. साहेबांना चुकीचे घड्याळ दिसू नये म्हणून मास्तरांनी ते पहाटे बरोबर लावले. तिकीटबाबूला सांगितले, हमालांना सांगितले. फलाटाच्या टोकापुढे शंभर पावलांवर सांध्यावर उभ्या असलेल्या माणसाला सांगायचे राहिले. हे तिथे मालगाडीचे डबे बाजूला घेत होते. हातात घड्याळ नव्हते, लांबून फलाटावरचे दिसे. ह्यांनी ते बघितले, रोजच्यासारखे पाच वजा केले आणि समजले की अजून पाच मिनिटे आहेत. ती नव्हती. धूर दिसला तेव्हा शेवटचा डबा मुख्य रुळावरच होता. ह्यांनी धावत जाऊन अलीकडचा दुसरा सांधा फिरवला आणि गाडी पलीकडच्या रिकाम्या रुळावर घातली. ती पुढे वाळूच्या ढिगात घुसली. उतारू सगळे वाचले. इंजिनावरच्या फायरमनचा उजवा हात गेला.

चौकशीत मास्तर सरळ उभे राहून म्हणाले, "घड्याळ नेहमीच बरोबर असतं. चुकतो तो माणूस."

त्यांच्यामागे न्हावी, किराणावाला, लॉजवाला, एकूण सात जणांनी तीच साक्ष दिली. पाच मिनिटे पुढे जगणारे सात जण! दुकाने रेल्वेच्या जागेत होती आणि जागा मास्तरांच्या शब्दावर मिळत. ह्यांना निष्काळजी ठरवून काढले, आठ दिवसांत क्वार्टर रिकामे करायला लावले. मास्तरांच्या नावाचा चौक झाला, चौकात अर्धपुतळा बसला, तोही माणूस जिवंत असताना. हे पुढे सतरा वर्षे जगले. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून एवढेच म्हणाले, "मी बघितलं होतं गं. बघूनच वजा केले होते." मी त्या दिवसापासून कोणालाही माफ केलेले नाही आणि मरताना करायचा विचार नाही.

कलम पाच. राहते घर भांड्याकुंड्यांसह फायरमनच्या मुलीला. फायरमन डाव्या हाताने पत्र लिहायला शिकले आणि पहिले पत्र त्यांनी ह्यांना लिहिले, की तुमच्यामुळे जिवंत आहे. गावातल्या सात जणांना उजवे हात होते, पण एकाने चिठ्ठी पाठवली नाही.

कलम सहा. गल्लीच्या तोंडाशी, मास्तर चौकाला लागून, माझी कोपऱ्याची जागा आहे. रस्ता रुंद करायला नगरपालिका ती दहा वर्षे मागते आहे आणि मी दहा वर्षे ऐकू येत नसल्याचे सोंग करते आहे. तिचे काय करायचे ते कलम सातवर अवलंबून आहे.

कलम सात. फलाटावरचे ते घड्याळ माझ्याकडे आहे. नवे स्टेशन झाले तेव्हा ते भंगारात निघाले. भंगारवाल्याच्या घरच्या लग्नाचे सगळे कपडे शिवून मी ते मिळवले. ते माझ्या भिंतीवर पाच मिनिटे पुढेच चालते. दोनच्या आकड्याशी तडा आहे, मास्तर बघताक्षणी ओळखतील.

कारण उद्या मास्तर येणार आहेत. वय ब्याण्णव, पण चष्म्याने लांबचे स्वच्छ दिसते. साक्षीदार म्हणून गावातले वजनदार माणूस हवे, असा निरोप मी धाडला आणि ते लगेच कबूल झाले. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही होताना बघायची असते. मी वरचा भाग कोऱ्या कागदाने झाकून ठेवीन. मास्तरांना सहीखाली वेळ घालायची जुनी सवय आहे, दुधाच्या पावतीवरसुद्धा घालतात. मनगटाला ते घड्याळ बांधत नाहीत. तेव्हा ते भिंतीकडे बघतील.

उद्या सकाळी मी ते घड्याळ रेडिओवर लावून अगदी बरोबर करणार आहे. हे फक्त डॉक्टरांना सांगीन.

मास्तरांनी भिंतीवर दिसते तीच वेळ लिहिली, तर मी सत्तेचाळीस वर्षे खोटी ठरले असे समजावे. मग घड्याळ आणि कोपऱ्याची जागा नगरपालिकेला बिनशर्त द्यावी आणि माझे सगळे शिव्याशाप मागे घेतले असे धरावे.

त्यांनी पाच मिनिटे कमी लिहिली, तर जागा एकाच अटीवर द्यावी. तिथे खांब उभारून हे घड्याळ पुतळ्याच्या डोळ्यांसमोर लावावे, कायम पाच मिनिटे पुढे. खाली या कागदाचे शेवटचे पान मोठे करून काचेत बसवावे आणि वर ह्यांचा हुद्दा लिहावा, 'सांधेवाला', त्याआधी 'बडतर्फ' नाही. अट मोडली तर जागा फायरमनच्या मुलीची. तिने तिथे भिंत घालावी, उंच.

अंमलबजावणी डॉक्टरांनी करावी. त्यांना मी काही ठेवलेले नाही, म्हणून ते साक्षीदारही चालतील.

स्थळ : राहते घर, पुढची खोली, घड्याळासमोर.
दिनांक : नऊ नोव्हेंबर, सोमवार.

लिहून ठेवणार : (सही) सांधेवाल्याची बायको. वेळ अकरा.

साक्षीदार :

१. (सही) डॉक्टर, स्टेशन रोड दवाखाना. वेळ अकरा; भिंतीवरचे आणि माझ्या मनगटावरचे घड्याळ जुळते.

२. (सही) निवृत्त स्टेशनमास्तर. वेळ दहा पंचावन्न.