ठकीचा गाल

प्रिय अण्णा,

आज सकाळी ठकीच्या गालावर केशरी ठिपका दिसला. ही बातमी तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसले. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं, तेही तो गेल्यावर! तुम्ही हसला असतात. हसा.

दूध आणायला खाली गेलात आणि लिफ्टपाशी बसलात, ते उठलाच नाहीत. तेव्हापासून सगळे म्हणतात, मेधा, एकदा रडून घे. मला रडू येत नाही. काहीच येत नाही. कुकर लावते, ऑफिसच्या गाडीत बसते, बेळ्ळंदूरच्या सिग्नलला गाडी अडकते आणि मी बाहेर बघत राहते. काय बघते, ते विचारलंत तर सांगता यायचं नाही.

पिंजरा मात्र बघते. गंमत आहे ना? तुमच्या पक्ष्यांवर सगळ्यात जास्त वैतागायचे मीच. टरफलं बाल्कनीतून थेट माझ्या कणकेत यायची! तरी घरट्यातून झेब्रा फिंचची दोन पिल्लं बाहेर पडली, तेव्हा तुम्ही हाक मला मारलीत. संदीपला नाही, स्वतःच्या मुलाला.

"आधी चोच बघायची," तुम्ही म्हणालात. काळी चोच म्हणजे पिल्लू. ती लाल व्हायला लागली की छाती बघायची, मग गाल. छातीवर काळे पट्टे आणि गालावर केशरी रंग आला तर नर, नाही तर मादी. तोवर नाव ठेवायचं नाही, हा तुमचा नियम. आणि मोडला कोणी? तुम्हीच!

थोरल्याच्या छातीवर पट्टे लवकर उमटले. धाकटं नुसतं करडं राहिलं. "मादी ही. ठकी म्हणू या," असं म्हणून तुम्ही मोकळे झालात. मला पटेना. ते धाकटं कोपऱ्यात बसून गळ्यातल्या गळ्यात बापाची नक्कल करायचं, आणि मादी गात नाही हे तुम्हीच शिकवलेलं. पण तुम्हाला ते ऐकू कसं येणार? कानाचं मशीन टीव्हीपाशी आणि तुम्ही बाल्कनीत.

"स्वल्प थांब गं. छातीवर काय दिसतंय काय? भास होतोय तुला." बेळगावचं कानडी तुमच्या मराठीतून कधी गेलंच नाही.

"मशीन लावा आणि ऐका."

"कशाला? डोळे आहेत की मला!"

मग संदीपच्या देखत पैज लागली. हरेल त्यानं महिनाभर पिंजऱ्याचा ट्रे धुवायचा. "सरी, ठीक," म्हणून तुम्ही टाळी दिलीत.

एवढी घाई का केलीत हो? रंग यायचा होता अजून. तेवढं तरी थांबायचं!

तुम्ही गेलात त्या दिवशी घरात माणसं भरलेली आणि पक्षी उपाशी ओरडत होते. मी तशीच ओल्या केसांनी उठले आणि राळे घातले. तुमच्या भाषेत नवणे. अंडं उकडून कवचासकट कुस्करलं. कोणीतरी म्हणालं, आत्ता हे कशाला? मी वाटी पिंजऱ्यात ठेवली. तेव्हापासून ट्रेही मीच धुते. वास येतो, तुम्ही नाही म्हणायचात तरी.

नंतर एकदा संदीप म्हणाला, "पक्षी देऊन टाकू या. दुकानदार घेतो म्हणालाय. फक्त धाकटा नर की मादी ते कळलं की सांगा म्हणतो, त्याला जोड्या लावायच्यात." मी बरं म्हटलं. तेव्हाही काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चहाआधी मी ठकीची चोच बघायला लागले. रोज ती आणखी लाल दिसायची, आणि मला वाटायचं, थांब ना गं बाई जरा.

नाही थांबली. आज तो ठिपका दिसला आणि मी ओरडले, "अण्णा! गाल आला!" तुम्हाला हाक मारायची तशीच, टिपेच्या आवाजात. बाल्कनीतले सगळे पक्षी गप्प झाले. संदीप मीटिंग सोडून धावत आला, इअरफोन गळ्यात लोंबत होते.

मला वाटलं, आता हा दुकानदाराला फोन करणार. त्यानं जाळीला नाक लावून बराच वेळ पाहिलं. "नर आहे," तो म्हणाला. "हरले की अण्णा."

मग खाली बसून त्यानं ट्रे ओढला आणि बाथरूमकडे निघाला. मी म्हटलं, राहू दे, मी धुते.

"महिनाभर मी धुणार. त्यांची पैज आहे."

दार लावून घेतलं त्यानं. कितीतरी वेळ नळ वाहत होता. आपली सोसायटी टँकरवर जगते, तरी पाणी वाया जातंय असं मी म्हटलं नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि ट्रे लख्ख. फोनचं त्यानं नाव काढलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

मला रडू अजून आलेलं नाही, अण्णा. त्याला आलं, तेवढं तरी झालं.

एक कबूल करते. महिना संपला की ट्रे परत माझ्याकडे येईल. पक्षी कुठेही जाणार नाहीत. आणि नर निघाला म्हणून नाव बदलणार नाही; तुम्ही ठेवलंय, ते ठकीच राहील.

आत्ता ठकी गातोय. चांगला मोठ्यानं. मशीन न लावताही तुम्हाला ऐकू गेलं असतं.

पैज जिंकलेली,
तुमची मेधा