दोरीपलीकडची खुर्ची

प्रिय सोल्वेगताई,

तुला आणि हार्वेभावोजींना नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? अ‍ॅरिझोनात गुडघे बरे होतात असं चर्चमध्ये सगळे म्हणतात. इथे डकोटात काहीच बरं होत नाही, फक्त जुनं होतं.

बाबांना कायमचं तुझ्याकडे नेऊ का, असं तू पत्रात विचारलं आहेस. ईस्टरला फोनवर विचारलंस तेव्हा मी नको म्हटलं होतं. आता हे दुसऱ्यांदा. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी शनिवारचं ऐक, म्हणजे आमची अवस्था तुला कळेल.

शेत विकल्यापासून बाबा पहाटे पाचला उठतात आणि टोपी घालून आमच्या स्वयंपाकघरात बसतात. रेडिओवर गव्हाचे भाव ऐकतात. (गहू पेरलेला नाही.) तुझी भावजय डार्लीन काय करते ते बघत राहतात आणि बोलत नाहीत. मार्चमध्ये एकदा बोलले होते. बटाटे जाड कापलेस, म्हणाले. भांडले तरी चालेल, पण बोलू देत, असं डार्लीन मला रोज सांगते, आणि मीही त्यांचाच मुलगा असल्यामुळे गप्प बसतो. शेवटी तिनेच काढलं, की किल्ल्यावर जाऊ. तू गेल्यानंतर तिथे किल्ल्याला लागून पहिल्या वसाहतकऱ्यांचं गाव उभं केलंय, लोकांना बघायला, जुन्या झोपड्या उचलून आणून. बाबांना विचारलं. ते नको म्हणाले, पुन्हा नको म्हणाले, आणि तिसऱ्यांदा विचारेपर्यंत गाडीत जाऊन बसलेले होते.

दोन तासांचा रस्ता. गाडीची एक खिडकी वर होत नाही, तिथून डास आले आणि उरलेल्या खिडक्यांतून बाहेर जाईनात. जुलैतल्या उन्हात बाबांच्या अंगात लोकरीचा सदरा आणि खांद्यांवरून पट्टे घेतलेली पँट, म्हणजे त्यांचे रोजचेच कपडे. वाटेत डार्लीनने त्यांना कॉफी विचारली. दोनदा नको झालं, तिसऱ्यांदा थोडीशी झाली, मग तीन कप झाले, मग तीनदा गाडी थांबवावी लागली. किल्ल्यात शिरतोय तोच जुन्या काळच्या शिपायांचं सोंग घेतलेल्या पोरांनी तोफ उडवली आणि बटाट्याच्या सॅलडचं भांडं डार्लीनच्या हातून पडलं. आमची मारिट (आता नऊ वर्षांची झाली) किल्ल्याच्या कोठडीत शिरली आणि बाहेर यायला तयार होईना. इथे शांत आहे, म्हणाली. मला तिचा हेवा वाटला.

तिला बाहेर काढेपर्यंत बाबा नाहीसे झाले. अर्ध्या तासाने ते एका झोपडीत सापडले. दोरी लावली होती, तिच्या पलीकडे, खुर्चीत. हातात पेरणीच्या अवजाराचा एक तुकडा होता आणि त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘उपयोग अज्ञात’. बाबांनी तसलंच अवजार एक्कावन्न साली खड्ड्यात टाकलं होतं, तुला आठवत असेल. ते त्याचा दांडा नीट बसवत होते आणि दोरीच्या अलीकडे तीसेक माणसं उभी होती. त्यांच्या कपड्यांमुळे ते तिथलेच, सोंग घेऊन बसलेले नोकर आहेत असा सगळ्यांचा समज झाला होता. मी पुढे होणार तेवढ्यात डार्लीनने माझी बाही धरली.

ओहायोच्या एका बाईंनी विचारलं, “आजोबा, हिवाळा कसा घालवायचात हो तुम्ही?”

“गप्प बसून.”

“आणि तुमची बायको?”

“तीही. पण ती जास्त चांगली बसायची.”

लोक हसले. बाबांनी वर पाहिलं. मग ताई, ते बोलायलाच लागले. नांगर उलटा टांगलाय, म्हणाले. असली चूल असती तर आम्ही सगळे धुरानेच मेलो असतो, म्हणाले. आईने बर्फाच्या वादळात वाट चुकू नये म्हणून गोठ्यापर्यंत दोर बांधला होता ते सांगितलं. (मला हे माहीत नव्हतं. तुला होतं का?) दीड तास. गेल्या तीन वर्षांत मिळून ते एवढं बोललेले नाहीत.

मग तिथल्या व्यवस्थापक श्रीमती प्रुएट आल्या. मे महिन्यातच जॉर्जियाहून आल्यात, इकडच्या नव्हेत. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. “तुम्ही दर मंगळवारी आणि गुरुवारी याच. आमची गाडी तुम्हाला न्यायला येईल.”

बाबा म्हणाले, “छे छे, मला काय येतंय.”

“अरेरे! बरं, जशी तुमची इच्छा,” असं म्हणून बाई हसल्या आणि निघून गेल्या.

आम्ही तिघं तिथेच उभे होतो. बाबा खुर्चीत थोडे पुढे सरकून बसले होते, दुसऱ्यांदा ऐकायला. बाई दिसेनाशा झाल्या तरी ते तसेच होते. शेवटी त्यांनी अवजार खाली ठेवलं, पाटी सरळ केली आणि दोरीखालून बाहेर आले.

येताना डासही बोलले नाहीत. रविवारी बाबा पाचला टोपी घालून बसले. आठ वाजता विचारलं, फोन आला होता का कुणाचा. कुणाचा म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, कुणाचा नाही, असंच.

यावरून आमचे काय हाल आहेत ते तुला कळलं असेल. गुडघ्याला जप.

तुझा भाऊ,
ओर्लिन

ता. क. श्रीमती प्रुएट यांचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे. त्यांना तू फोन कर आणि इथे किती वेळा विचारावं लागतं ते सांग. मी केला तर बाबांना कळेल की त्यांच्यासाठी कुणाला तरी विनवावं लागलं, आणि मग ते तीसदा विचारलं तरी जाणार नाहीत.

ता. क. डार्लीनने काल बटाटे पातळ कापले. बाबा ‘हं’ म्हणाले. ती दिवसभर गात होती.

ता. क. तुझ्या प्रश्नाचं राहिलंच. बाबांना नेऊ नकोस. हे माझं दुसरं ‘नको’ आहे. ताई, आता तिसऱ्यांदा विचारू नकोस. विचारलंस तर मला हो म्हणावं लागेल.