अर्धी टाकी

येडशी,
१० फेब्रुवारी १९७४

प्रिय बलभीम,

आज रविवार. पूर्वी या वेळेला तू सायकलच्या कॅरियरला 'घार' बांधून तळ्याच्या बांधावर आलेला असायचास, आणि मी तारा उन्हात ताणून त्यांना कुठं पीळ पडलाय का ते बोटांनी चाचपत असायचे. आता मी मामाकडे आहे. मामा रेल्वेत गँगमन, त्यामुळे डोक्यावर छप्पर तरी आहे. आई दिवसभर दाराकडे पाठ करून बसते. छोटी गाडी शिट्टी देऊन निघाली की दोन्ही हातांनी डोकं झाकून घेते. उन्हाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी झाकते.

परवा तुझी बहीण द्वारका येऊन गेली. तुझा निरोप तिनं मान खाली घालून सांगितला आणि चहा न पिताच निघाली. उत्तर तिच्याजवळच देता आलं असतं. पण तुझ्या-माझ्यातलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून कशाला, म्हणून हे पत्र.

तुझी हवाई दलात निवड झाली हे ऐकून मला आधी आनंदच झाला. खरंच झाला. मग मागचं आठवलं. धोंडप्पा सर हवाई दलातली नोकरी संपवून आपल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले आणि त्यांनी कोरड्या तळ्यात विमान क्लब काढला, तेव्हा सारं गाव हसलं होतं. कापसासारखं हलकं लाकूड, वर पातळ कागद आणि लिंबाएवढं इंजिन, ही आपली 'घार'. मध्ये उभं राहून हँडल मुठीत धरायचं, तिथून विमानापर्यंत दोन बारीक पोलादी तारा, आणि विमान आपल्याभोवती गोल गोल फिरणार. मनगट वर केलं की नाक वर, खाली केलं की खाली. सरांनी मला हँडल दिलं, कारण कितीही फिरले तरी मला गरगरत नव्हतं. तुला इंजिन दिलं, कारण त्याचा स्वभाव तुझ्या बोटांना कळायचा. ईथर, रॉकेल आणि एरंडेलाचं ते मिश्रण तू असं मोजून ओतायचास, जसं काही तान्ह्या बाळाला औषध देतोयस. विमान सुरक्षित टेकेपर्यंत हँडल सोडायचं नाही, हा सरांचा पहिला नियम. दुसरा नियम, क्लबात सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं. अण्णांना, माझ्या बापाला, तो पटला नव्हता. "पाटलाच्या पोराला अरे-तुरे करतीस? उद्या हिरीवर आपल्या घागरीत पानी कोन वतंल गं?" असं म्हणाले. तरी दर रविवारी बांधावर येऊन बसायचेच. 'घार' वर चढली की म्हणायचे, "लई गुर्मीत उडतंय. तुझ्यावानीच."

आणि आपल्या त्या खुणा. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून सरांनी हातांची भाषा शिकवली. डोक्यावर उघडा पंजा म्हणजे थांब. वर मूठ म्हणजे सोड. छातीशी आडवा हात म्हणजे अर्धीच टाकी भरलीय, लवकर उतरणार. आपण त्या कॉलेजातही नेल्या. तास चालू असताना तू छातीशी आडवा हात धरलास की मला कळायचं, तुला भूक लागलीय. एकदा गावात तुझ्या आईनं पाहिलं आणि घाबरून विचारलं, "छातीत दुखतंय का रं बाळा?" मी तेव्हा पदर तोंडात कोंबून हसले होते.

गेल्या वर्षीचा दुष्काळ तुला मी काय सांगू? गावच्या विहिरीनं तळ गाठला तेव्हा आमच्या वस्तीच्या घागरी सर्वांत शेवटी ठेवल्या गेल्या, आणि मग ठेवल्याच गेल्या नाहीत. अण्णांनी पहार घेतली आणि तळ्याच्या पोटात, आपल्या क्लबाच्या गोलात अगदी मधोमध झिरा खणला. सर म्हणाले, "कोंडिबा, खणा. आम्ही झिऱ्याच्या काठावर उभं राहून उडवू." पाणी लागलं. गढूळ, पण लागलं. तुझे काका व्यंकटराव सोसायटीचे चेअरमन. त्यांनी निरोप धाडला की तळं सोसायटीचं आहे, झिऱ्यावर सोसायटीचं इंजिन बसणार आणि पाणी उसाच्या बेण्याला जाणार. त्या सोसायटीचे सभासद अण्णाही होते. मीच त्यांना करून घेतलं होतं. सहकार म्हणजे सगळ्यांचं, असं मी कॉलेजात भाषण केलं होतं आणि तेच घरी येऊन पुन्हा म्हणून दाखवलं होतं. अण्णा म्हणाले, "मग मी बी सोसायटीच हाय की. मी माझ्या सोसायटीचं पानी पेतोय." आणि खणत राहिले.

त्या रविवारी सर ईथर आणायला सोलापूरला गेले होते. बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. तू मला लांबून आडवा हात दाखवलास, मी मूठ वर केली, तू 'घार' सोडलीस. वस्तीतल्या बाया झिऱ्याभोवती वाट्यांनी घागरी भरत होत्या. पहिल्या काही फेऱ्यांतच बांधावर ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतून माणसं उतरली, काठ्या आणि कुऱ्हाडी घेऊन. बाया ओरडल्या असतील, मला ऐकू आलं नाही. अण्णांनी सगळ्यांना तारांखाली, माझ्या पायाशी बसवलं. मी 'घार' खाली आणली, माणसाच्या छातीएवढी. फिरत असताना विमानावरची नजर हलवता येत नाही हे तुला माहीतच आहे. मला फक्त विमानाच्या मागून सरकणारं दिसत होतं. बांध, ट्रॅक्टर, तुझे काका, तू, पुन्हा बांध.

सोसायटीचा राखणदार लिंबाजी हसत पुढं आला. त्याचं तोंड हलताना दिसलं. काय म्हणाला ते नंतर वस्तीतल्या रुद्रम्मानं सांगितलं, "कागदाचं खेळणं हाय, आत्ता धरतो." त्यानं हात घातला. तारेला हिसका बसला, विमान डगमगलं, मी सावरलं. पुढच्या फेरीत तो गुडघ्यावर होता. त्याच्या पंज्याला दोन बोटं नव्हती आणि 'घारी'च्या पांढऱ्या पंखावर रक्ताची रेघ होती. मी थांबले नाही. अण्णा अगदी माझ्या कानाशी ओरडत होते, "फिरीव, चांगुणे, फिरीव!" त्या वेळी आणखी कुणी आत आला असता तर मी त्याच्या गळ्यावर नेलं असतं. हे मी तुला लिहितेय, आणि विचारलं तर कोर्टातही सांगणार आहे.

मग तुझे काका स्वतः पुढं निघाले. त्यांनी धोतर वर खोचलं होतं. तू धावत जाऊन त्यांचा दंड धरलास आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोललास. बोलताना तुझा दुसरा हात छातीशी आडवा झाला. नंतर तू तो खाली नेलास, जमिनीकडे, विमान टेकताना आपण नेतो तसा. सवयच ती.

त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुझ्या काकांनी हात वर केला आणि ती सगळी माणसं उतारावर बसली. नुसती बसली. काठ्या मांडीवर आडव्या. एकानं विडी पेटवली, दुसऱ्यानं त्याच्याकडून घेतली. एस.टी.ची वाट बघावी तशी ती इंजिन थांबायची वाट बघत होती. माझ्या पायाशी बसलेल्या बायांना वाटलं, घाबरले, आता जातील. रुद्रम्मा तर हसलीसुद्धा. फक्त मला माहीत होतं. आणि तुला.

इंजिनाचा आवाज चढला. तेल संपताना चढतो तसा, बारीक, किंचाळल्यासारखा. मग शांतता. त्या शांततेत मला पहिल्यांदा त्यांच्या पायांचा आवाज आला.

'घार' अजून हवेत होती. मी हँडल सोडलं नाही. एक धोंडा माझ्या कानावर लागला, तरी मी फिरत राहिले. विमानामागून मला अण्णा दिसले, दोन्ही हात पसरून उभे. मग बांध. मग तुझ्या काकांच्या हातात अण्णांचीच पहार. मग रिकामी जमीन. मग अण्णा खाली, आणि पहार पुन्हा वर. 'घार' अगदी अलगद टेकली. इतकी सुंदर मी कधीच उतरवली नव्हती. मी वळले तेव्हा अण्णांच्या डोक्याची एक बाजू नव्हती आणि झिऱ्यातलं पाणी लाल होत होतं. त्यांनी घागरी एकेक करून फोडल्या. रुद्रम्माचा हात कोपरातून उलटा वळवला. आईचे केस धरून तिला बांधापर्यंत ओढत नेलं. 'घार' कुणीतरी टाचेखाली घेतली. तू ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून ओकत होतास. ते पण मी पाहिलं.

माझा बी.ए.चा निकाल मला दवाखान्यात कळला. घरातली पहिली पदवी. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यानला सांग की."

द्वारकानं तुझा निरोप सांगितला तो असा, की तू कुणाला मारलं नाहीस, हवाई दलात जायच्या आधी पोलीस चौकशी व्हायची आहे, आणि मी साक्षीत तुझं नाव घेतलं तर सगळं संपेल. तू मारलं नाहीस, हे खरं आहे. कदाचित काकांची मान वाचावी एवढ्यासाठीच तू धावलास. मी रात्ररात्र तुझ्या बाजूनं विचार केलाय. पण काकांचे वकील म्हणतात, लिंबाजीची बोटं तुटली म्हणून माणसं भडकली, त्या झटापटीत एक म्हातारा दगावला. ती भडकली नव्हती, बलभीम. ती बसली होती. विडी ओढत बसली होती. का बसली, हे जगात दोघांनाच सांगता येतं.

बुधवारी उस्मानाबादच्या कोर्टात माझी साक्ष आहे. लिंबाजीच्या बोटांपासून सगळं सांगणार आहे, मग माझ्यावर खटला होवो, नाहीतर मला मिळू घातलेली शाळेतली नोकरी हातची जावो. तुझं नाव घेणार आहे. हे तुला पोलिसाच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तू काकांच्या कानात काय बोललास ते मला ऐकू आलं नाही, ते मी सांगणार नाही. ते तुझं आहे, येऊन तू सांग. मी फक्त पिंजऱ्यात उभी राहून उजवा हात छातीशी आडवा धरीन आणि मग खाली नेईन. जज्जसाहेबांना ती खूण समजावून द्यावी लागेल. तू समोर बसलेला असलास, तर तुला नाही लागणार.

तुझीच, तारांच्या या टोकाची,
चांगुणा