तुळशीतली राणी

नलूवन्सं,

पहाटे मला कावळा शिवला, म्हणून मागच्या खोलीत बसले आहे. बाहेर येईपर्यंत माझ्या मुंग्या तुमच्या हवाली.

तुळशीच्या कुंडीत सापडलेली राणी मुंगी आता तिच्या लेकींसह औषधाच्या बाटलीत आहे. बाटली देव्हाऱ्यामागे, काळ्या फडक्याखाली. तळाचा कापूस सुकला असेल तर थेंबभर पाणी सोडा, ओतू नका, बुडतील. चिमटीभर साखर टाकून लगेच झाका. उजेड दिसला की बिचाऱ्या अंडी तोंडात धरून सैरावैरा धावतात.

सासूबाईंना बाटली दिसू देऊ नका. मघाशी त्या भिंतीपलीकडे म्हणत होत्या, "बाळा, हिची कूस काही उजवायची नाही. ठाकुरद्वारची ती मुलगी मी बघून येते." तुमच्या दादांनी त्यांना भाड्याचे पैसे मोजून दिले.

काल तुम्ही धरलेली दुसरी राणी हिच्या बाटलीत मुळीच सोडू नका. दोघी एकमेकींना जगू देणार नाहीत, आणि बाहेर पडायला वाट नाही. तिला कुंडीत मोकळी सोडा.

मुंग्यांनी खाल्ल्यावाचून मी जेवत नाही, हा नेम तुम्हांला ठाऊक आहे. साखर घातलीत की दारावर हळूच टिचकी मारा. पान कधीचं पुढ्यात आहे.

तुमची वहिनी